मराठी विकिपीडियावर सदस्यनाव आणि स्वतःची ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तेव्हापासून तो हौसेनं लिहिणाऱ्यांच्या जिवावर चालतो. नवीन माणूस लेखापाशी अडायच्या आधी खातं उघडतानाच अडतो. नाव काय घेऊ? आत गेल्यावर कुणाला काय सांगू? कार्यशाळांत, चर्चापानांवर (लेखाच्या किंवा सदस्याच्या पानाला जोडलेल्या, बोलण्याच्या पानांवर) आणि ईमेलमधून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इथे ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. खातं न उघडताही लिहिता येतं ना? मग नावाची भानगड कशाला?

येतं. पूर्वी खात्याशिवाय बदल केला की तुमच्या जोडणीचा अंकपत्ता (आयपी) सगळ्या जगाला दिसायचा. आता त्या जागी आपोआप एक तात्पुरतं खातं तयार होतं. त्याचं नाव म्हणजे वर्ष आणि पुढे आकडे, आणि ते ९० दिवसांनी संपतं. एखादी वेलांटी सुधारायला एवढं पुरतं.

पण विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतो, त्यात लिहिणाऱ्याला श्रेय देणं बंधनकारक आहे, आणि ते श्रेय लेखाच्या इतिहासात, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्या यादीत, दिसणाऱ्या नावाला मिळतं. चार महिन्यांनी तुम्ही परत आलात, तर आधीचं काम तुमचंच होतं हे दाखवायला खात्याशिवाय काही उरत नाही. शिवाय कुणाला तुमच्याशी बोलायचं असेल तर त्यानं गाठायचं कुठे?

२. खरं नावच द्यावं लागतं का?

नाही. खरं नाव, टोपणनाव, आजोळच्या गावावरून घेतलेलं नाव, सगळं चालतं. टोपणनावानं लिहिणं आपल्याला नवीन नाही. वि. वा. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या नावावरून ‘कुसुमाग्रज’ घेतलं आणि कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले. त्या नावांमुळे त्यांच्या लेखनावरचा विश्वास कमी झाला नाही.

माझं मत विचाराल तर टोपणनावाचा एक फार मोठा फायदा आहे. आपल्याकडे ओळख म्हटली की दुसरा प्रश्न आडनावाचा असतो, आणि आडनाव कळलं की विचारणारा मनात काही तरी ठरवून मोकळा होतो. इथे तुमचं आडनाव कुणी विचारत नाही. लेखातलं वाक्य बरोबर आहे का आणि त्याला संदर्भ आहे का, एवढंच पाहिलं जातं. खऱ्या नावानं लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण वादग्रस्त विषयांवर लिहिणार असाल, सरकारी नोकरीत असाल किंवा वय कमी असेल, तर टोपणनाव घ्या. नंतर खरं नाव सांगता येतं. एकदा सांगितलेलं परत घेणं अवघड असतं (प्रश्न १५ आणि १६ पाहा).

३. नाव देवनागरीत घेऊ की रोमनमध्ये?

दोन्ही चालतात. २०१५ पासून सगळ्या विकिमीडिया प्रकल्पांवर (विकिपीडिया आणि तिच्या भावंड-संकेतस्थळांवर) एकच खातं चालतं. मराठी विकिपीडियावर घेतलेलं नावच विकिस्रोत, विक्शनरी, कॉमन्स (फोटोंचा सामायिक साठा), इंग्रजी विकिपीडिया आणि गोव्यातल्या वाचकांना जवळचा वाटणारा कोकणी विकिपीडिया, सगळीकडे दिसतं. म्हणजे काम मुख्यतः कुठे करणार, यावर निवड ठरते. फोटो चढवणं आणि विकिडेटा (सगळ्या भाषांचा सामायिक माहितीसाठा) हा तुमचा प्रांत असेल, तर परभाषकांना वाचता येणारं रोमन नाव सोयीचं. मराठीतच रमणार असाल तर बिनदिक्कत देवनागरी घ्या. ‘अलीकडील बदल’ हे सगळ्यांच्या ताज्या बदलांचं पान उघडल्यावर मराठी नावांची रांग दिसली की मला आजही बरं वाटतं.

एक व्यावहारिक गोष्ट: देवनागरी नाव घेतलंत की दुसऱ्याच्या संगणकावरही प्रवेश करताना देवनागरी टंकावं लागेल. दोन लिप्या एकाच नावात मिसळू नका, प्रणाली असं नाव सहसा नाकारते.

४. माझं देवनागरी नाव प्रणाली घेतच नाही. कधी घेते, पण दुसऱ्या दिवशी “असा सदस्य नाही” म्हणते. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याची यात काहीच चूक नसते. देवनागरीत डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरं संगणकाच्या लेखी वेगळी असू शकतात.

एका कार्यशाळेत अकोल्याहून आलेल्या एक ताई ‘वऱ्हाड’ शब्द असलेलं नाव घेऊ पाहत होत्या. चार वेळा टंकलं, चारही वेळा नाव अवैध. त्यांना वाटलं, प्रदेशाचं नाव चालत नसावं. मी त्यांचा फोन घेऊन एकेक अक्षर मागे खोडत गेलो, तर एका ठिकाणी खोडण्याची कळ दाबूनही पडद्यावर काहीच हललं नाही. तिथे एक अदृश्य चिन्ह होतं. ‘ऱ्हा’ मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. हे अदृश्य चिन्ह सदस्यनावात चालत नाही. दुसऱ्या कळफलकावरून ‘ऱ’ वापरून तेच नाव टंकलं आणि लगेच खातं उघडलं. कऱ्हाड, गोऱ्हे, सह्याद्रीच्या दऱ्या, असं काहीही नावात असेल तर हे लक्षात ठेवा.

दुसरा सापळा ‘ॲ’ चा. हे अक्षर एकसंधही असतं आणि ‘अ’ वर चंद्र देऊनही बनतं. खातं एका प्रकारानं उघडलं आणि प्रवेश करताना फोननं दुसरा प्रकार टंकला, तर तुमचं नाव सापडणार नाही. आकड्यांचंही तसंच: देवनागरी ४ आणि इंग्रजी 4 ही दोन वेगळी अक्षरं आहेत.

उपाय सोपा आहे. खातं उघडल्यावर आपल्या सदस्य पानावरून (तुमच्या खात्याच्या नावाच्या पानावरून) नाव जसंच्या तसं उचलून फोनच्या टिपणवहीत ठेवा आणि प्रवेश करताना तिथूनच चिकटवा. नाव निवडताना शक्यतो अशी जोडाक्षरं टाळा. आणि खात्याला ईमेल जोडा. ते सक्तीचं नाही, पण ईमेल नसताना परवलीचा शब्द विसरलात तर खातं गेलंच समजा.

५. मोकळी जागा, @, तिरकी रेघ वगैरे चालतं का?

मोकळी जागा चालते. खालची रेघ दिली तरी ती मोकळी जागाच धरली जाते. @, #, /, चौकटी कंस चालत नाहीत. आधीच्या कुणाच्या नावाशी फार मिळतंजुळतं नावही अडवलं जातं. त्यामागचा हेतू तोतयेगिरी थांबवण्याचा आहे.

६. कोणती नावं घेऊच नयेत?

दुकान, कंपनी, पक्ष, प्रतिष्ठान यांची नावं नकोत (नोकरीनिमित्त लिहिणार असाल तर प्रश्न १८). ‘प्रचालक’ (जास्तीची बटणं असलेला, देखरेख करणारा सदस्य), ‘विकिपीडिया’ किंवा ‘बॉट’ असलेली नावं नकोत, कारण त्यातून नसलेला अधिकार सूचित होतो. इथे आपोआप काम करणाऱ्या खात्यांना ‘सांगकाम्या’ म्हणतात आणि माणसानं ते बिरुद लावायचं नसतं. फोन नंबर आणि जन्मसालही नको.

थोर व्यक्तींच्या नावांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. प्रेमापोटी पुष्कळ जण महापुरुषाचं किंवा संताचं नाव घेतात. पण इथे रोज कुणाचा ना कुणाचा बदल उलटवला जातो, आणि तेव्हा इतिहासात ओळ उमटते की अमुक यांनी केलेले बदल मागे घेतले. त्या अमुकच्या जागी आपल्या दैवताचं नाव वाचायला तुम्हाला आवडेल का? चर्चेत कुणी रागानं त्या नावाला उद्देशून बोललं तर? आदर असेल तर त्या व्यक्तीवरचा लेख नीट करा.

७. खातं झालं. आता ओळख कुठे करून द्यायची, चावडीवर की सदस्य पानावर?

आधी सदस्य पानावर. तुमचं नाव ‘अलीकडील बदल’ मध्ये सुरुवातीला लाल दिसतं, म्हणजे त्या नावाचं पान अजून नाही. तिथे एक ओळ लिहून जतन केलीत की ते निळं होतं. ही बारीक गोष्ट वाटते, पण नवे बदल तपासत गस्त घालणाऱ्या माणसाची नजर लाल नावावर जास्त वेळ थांबते.

चावडी म्हणजे सगळ्यांनी मिळून बोलायची जागा. तिथे ओळख करून द्यायला हरकत नाही, पण सोबत काही विचारायचं किंवा सांगायचं असेल तर उत्तम. नुसतं “नमस्कार, मी आलो” याला उत्तर मिळेलच असं नाही. तुमच्या चर्चापानावर स्वागताचा ठरावीक मजकूर येईल. तो साचा (कुठेही लावता येणारा तयार मजकूर) असला तरी बहुतेक वेळा कुणी तरी हातानं लावलेला असतो. त्याखाली आपली ओळख लिहून एखादी शंका विचारलीत तर संवाद तिथूनच सुरू होतो.

८. मी माझी ओळख लिहिली आणि दुसऱ्या दिवशी ती उडवली होती. माझं काय चुकलं?

बहुधा जागा चुकली. शोधपेटीत स्वतःचं नाव टाकलं, “हा लेख तयार करा” असं दिसलं, आणि तिथे लिहिलं, असंच झालं असणार. त्यानं ज्ञानकोशात तुमच्या नावाचा लेख तयार होतो, आणि त्याला लेखाचे निकष लागतात: स्वतंत्र, विश्वासार्ह माध्यमांनी दखल घेतलेली आहे का वगैरे. सदस्य पानाच्या नावाआधी ‘सदस्य:’ असतं. वरच्या पट्टीतल्या आपल्या नावावर टिचकी मारूनच तिथे जा, म्हणजे चूक होणार नाही.

काढलेला मजकूर प्रचालकांना दिसतो. नम्रपणे मागितलात तर ते तो तुमच्या सदस्य पानावर आणून देऊ शकतात. हे अपमान म्हणून घेऊ नका, अशी सुरुवात झालेले कित्येक जण आज नेमानं लिहितात. मात्र योग्य पानावर असूनही मजकूर काढला असेल, तर तो बहुधा जाहिरातीसारखा होता. प्रश्न ९ वाचा.

९. ओळखीत नेमकं काय लिहू? एखादा नमुना द्या ना.

हा मी बनवलेला नमुना:

“नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात राहते, शाळेत भूगोल शिकवते. हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात, तिथपासून वर वारणाकाठच्या गावांचे लेख वाढवायचे आहेत. जिल्हा गॅझेटियरचा जुना खंड जवळ आहे. त्यातलं काही पडताळून हवं असल्यास माझ्या चर्चापानावर सांगा. साचे अजून जमत नाहीत, मदत लागेल.”

यात शाळेचं नाव नाही, पदव्या नाहीत, पुरस्कार नाहीत. पण वाचणाऱ्याला चार गोष्टी कळल्या: काय करायचंय, कशाच्या आधारावर, काय देऊ शकते, काय येत नाही. शेवटची गोष्ट लिहायला लोक कचरतात. माझ्या अनुभवात तिलाच सगळ्यात लवकर उत्तर मिळतं.

“होतकरू कवी, समाजसेवक, उत्कृष्ट वक्ता, संपर्कासाठी…” असं लिहिलंत तर ते विवाहस्थळाच्या किंवा निवडणुकीच्या पत्रकासारखं वाचलं जातं. भाषा सांगण्यासाठी ‘बॅबल’ नावाची तयार पेटी आहे. मराठी मातृभाषा, कन्नड बऱ्यापैकी, हे तीत एका दृष्टिक्षेपात दिसतं. सीमाभागातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींनी ती जरूर लावावी, अनुवादाच्या कामात अशी माणसं शोधली जातात.

१०. वय, गाव, फोन, फोटो द्यायला हरकत नाही ना?

जिल्हा सांगा, घर नको. फोन तर नाहीच. पानावरून खोडलेला नंबरही इतिहासातल्या जुन्या आवृत्तीत कुणालाही दिसत राहतो. चुकून लिहिलात तर चावडीवर बोभाटा करू नका, त्यानं उलट लोक जाऊन पाहतात. एखाद्या प्रचालकाला ईमेलनं कळवा, ती आवृत्ती लपवता येते. फोटो कॉमन्सवर चढवलात तर तो मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे कुणीही कुठेही वापरू शकतो. अठरा वर्षांखालच्यांनी वय, शाळा, फोटो यांपैकी काहीच देऊ नये.

११. मी बाई आहे हे नावावरून कळू द्यावं का?

तुमच्या मनावर आहे, आणि कुठलंही उत्तर घाबरटपणाचं नाही. ओळख उघड ठेवली तर इतर जणींना धीर येतो हे खरं. नको ते संदेश येतात हेही खरं. लिंग न कळणारं नाव घेणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. मराठीत क्रियापद लगेच सांगून टाकतं, त्यामुळे “लिहिते” ऐवजी “लिहिणं आवडतं” अशी वाक्यं त्या वापरतात. तुमचा उल्लेख कसा व्हावा, हे ‘पसंतीक्रम’ मध्ये नोंदवता येतं. मात्र ती नोंद जाहीर असते, हे लक्षात असू द्या. त्रास झाला तर एकटीनं सोसू नका. तो बदल कुठे झाला याचा दुवा जपून प्रचालकाला कळवा.

१२. बोलताना सही कशी करायची?

चर्चापानावर मजकुराच्या शेवटी ~~~~ टाका, जतन करताना त्या जागी तुमचं नाव आणि वेळ येते. उत्तराच्या तयार सोयीतून लिहिलंत तर सही आपोआप होते. सही फक्त चर्चेत करायची, लेखात कधीच नाही. एखाद्याला हाक मारण्यासाठी त्याच्या नावाचा दुवा दिलात, तर त्याच बदलात सही असावी लागते, नाही तर त्याला सूचना जात नाही. सही सजवता येते, पण तीत तुमच्या पानाचा दुवा हवा.

१३. लोकांना हाक काय मारायची? सर, दादा, ताई?

सदस्यनाव आणि ‘तुम्ही’, एवढं नेहमी चालतं. समोरचा कॉलेजात जाणारा मुलगा असेल किंवा निवृत्त मुख्याध्यापक, नावावरून कळत नाही. ओळख वाढली की ताई-दादा आपोआप येतं. ‘सर’ मला स्वतःला खटकतं, कारण प्रचालक हा साहेब नाही. त्याच्याकडे काही जास्तीची बटणं आहेत, लेखावरचा शब्द तुमच्याइतकाच. अनोळखी माणसाला एकदम ‘अरे-तुरे’ मात्र करू नका.

१४. माझी मराठी मालवणी वळणाची आहे. दुसरे एक जण विचारतात: मी अमेरिकेत वाढलो, शुद्धलेखन कच्चं आहे. ओळख लिहिताना हसतील का?

सदस्य पान तुमचं आहे, तिथे मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जशी येते तशी लिहा. लेख प्रमाण मराठीत लागतात, आणि तिथल्या चुका दुसरे लोक सुधारतात. मालवणातल्या माशांची स्थानिक नावं किंवा न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी शाळेची माहिती आम्हाला घरी बसून मिळणार नाही. ती तुमच्याकडे आहे.

१५. नाव आवडेनासं झालं. बदलता येईल का?

येतं. त्यासाठी विशेष पानावरून विनंती करायची. जगभरच्या प्रकल्पांसाठी नेमलेले स्वयंसेवक ती पाहतात. नवं नाव कुणी घेतलेलं नसावं. जुनं सगळं योगदान नव्या नावाखाली येतं, परवलीचा शब्द तोच राहतो. पण चर्चांमधल्या जुन्या सह्या तशाच राहतात, आणि नामांतराची नोंदही जाहीर असते. काही दिवस सदस्य पानावर “पूर्वीचं नाव अमुक” असं लिहा, म्हणजे ओळखीचे लोक चुकणार नाहीत. खरं नाव लपवायला म्हणून बदलत असाल तर अर्थातच लिहू नका.

१६. खातं कायमचं पुसून टाका.

पुसता येत नाही, कारण श्रेय कुणाला तरी द्यावंच लागतं (प्रश्न १). कायमचं जायचं असेल तर नाव बदलून निनावी करून घेता येतं. त्यानंतर परत यायचं नाही, असं गृहीत असतं.

१७. मराठी भाषा गौरव दिनाला कॉलेजात कार्यशाळा आहे, चाळीस विद्यार्थी. सगळ्यांची खाती तिथेच उघडू का?

नका. एका जोडणीवरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्यापाशी गाडी अडते, मग २७ फेब्रुवारीची अर्धी सकाळ त्यातच जाते. मुलांना आठवडाभर आधी घरून, स्वतःच्या मोबाइलवरून खातं उघडायला सांगा. ते जमणार नसेल तर सूट आगाऊ मागता येते, पण त्याला बरेच दिवस लागतात.

नावं वर्ग आणि हजेरी क्रमांकावरून ठेवू नका. परीक्षा संपली की त्या नावाशी मुलाचं नातं संपतं. ज्यांनी मनापासून नाव निवडलं ती मुलं नंतरही आलेली मी पाहिली आहेत. ओळखही फळ्यावरून उतरवून घेऊ नका. चाळीस पानांवर एकच परिच्छेद आला की तो कुणीच वाचत नाही.

१८. मी एका संस्थेत नोकरीला आहे आणि संस्थेबद्दलच लिहायचं आहे. ओळख कशी देऊ?

खातं व्यक्तीचं असू द्या आणि नातं उघड सांगा. पगारातून किंवा मोबदला घेऊन लिहीत असाल तर मालक किंवा ग्राहक कोण ते जाहीर करणं विकिमीडियाच्या वापर-अटींनुसार २०१४ पासून बंधनकारक आहे. सदस्य पानावर एक वाक्य पुरतं: “मी अमुक संस्थेत काम करतो, त्या लेखातले बदल चर्चापानावर सुचवीन.” असं आधी सांगणाऱ्याला मदत मिळते. लपवल्याचं नंतर उघड झालं की त्याच्या चांगल्या बदलांवरही शंका घेतली जाते.

१९. नवरा-बायको दोघं एकाच संगणकावरून लिहितो. किंवा एकट्यालाच दोन खाती हवी असतील तर?

दोन माणसांची दोन खाती असावीत, एकच खातं दोघांत नको. दोघांनी आपापल्या पानावर दुसऱ्याचा उल्लेख करा आणि एकाच मतदानात किंवा वादात एकमेकांची री ओढू नका, कारण बाहेरून ते एकाच माणसासारखं दिसतं. एकट्याला दुसरं खातं ठोस कारणासाठी चालतं, जसं की सार्वजनिक संगणकावर वापरायला, पण दोन्ही पानांवर तसं नोंदवा. न सांगता दोन नावांनी एकाच चर्चेत बोलणं ही इथली सगळ्यात मोठी फसवणूक मानली जाते.

२०. माझे वडील विकिपीडियावर लिहायचे. ते गेले. त्यांचं खातं मी पुढे चालवू का?

हा प्रश्न मला आतापर्यंत दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा उत्तर लिहायला वेळ लागला. खातं पुढे चालवू नका. त्यांच्या नावापुढे दिसणारा प्रत्येक बदल त्यांनीच केलेला असावा. तुम्ही स्वतःचं खातं उघडा, त्यांच्या योगदानाची यादी पाहा, अर्धवट राहिलेला एखादा लेख हाती घ्या. तुमच्या ओळखीत त्यांच्या सदस्य पानाचा दुवा देऊन “हे माझे वडील” एवढं लिहिलंत तरी त्यांच्यासोबत काम केलेली माणसं तुमच्या चर्चापानावर येऊन बोलतील.